कण्हेरीला कठडा, पोरीला पट्टा

शहर सुधारायचे ठरले की आधी कण्हेर येते. रस्ता रुंद होतो, मधोमध दुभाजक उभा राहतो, त्यात काळी माती पडते आणि गुलाबी फुलांची कण्हेर रांगेने लागते. मग तिच्या जिवाची काळजी सुरू होते. दोन्ही बाजूंनी काँक्रीटचा कठडा, त्यावर लोखंडी जाळी, कठड्याला काळे-पिवळे पट्टे, अंधारात ट्रकवाल्याला दिसावेत म्हणून चकाकते लाल ठिपके आणि मे महिन्यात पाण्याचा टँकर. वास्तविक या झाडाला गाय तोंड लावत नाही, शेळी फिरकत नाही. ते विषारी आहे, हे आपल्याकडच्या कुठल्याही गुराख्याला ठाऊक असते. ज्याला कुणी खातच नाही, त्याला जाळी! आणि त्याच रस्त्याच्या कडेने पाठीला दप्तर लावून सायकलवर निघालेल्या आठवीतल्या मुलीचे काय, असे विचारले तर साहेब फायलीतून मान वर न काढता सांगतात की तिचीही तरतूद आहे. तिच्यासाठी पांढरा पट्टा मारणार आहोत.

पट्टा म्हणजे रंग. भरलेला ट्रक त्यावरून गेला तर ट्रकलाही कळत नाही आणि पट्ट्यालाही. तरी कागदावर त्याचे नाव ‘सुरक्षित सायकल मार्ग’. पट्ट्याच्या आत सायकलचे चित्र काढतात. त्या चित्रातल्या सायकलवर कुणीही बसलेले नसते. रंगाऱ्याला वस्तुस्थितीची जाण साहेबांपेक्षा जास्त आहे. चित्र वाळायच्या आत त्यावर चारचाकी उभी राहते. पुण्यात २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर बसच्या स्वतंत्र मार्गिकेसोबत सायकलींसाठीही मार्ग आखला गेला. पुढे असे मार्ग त्या शहरात ठिकठिकाणी झाले. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात त्यांतल्या कित्येक तुकड्यांवर दुचाक्या लागतात, मध्येच विजेची डीपी येते, मध्येच झाड, आणि मध्येच मार्गच संपतो. यावरून आपल्याकडचे जाणकार निष्कर्ष काढतात की सायकल मार्ग भारतात चालत नाहीत. चालला नाही तो सलगपणा नसलेला, ज्यावर कुणालाही गाडी चढवता येते असा मार्ग. दुभाजकात कुणी गाडी लावल्याचे दिसत नाही. गाडी लावणाऱ्यांना कण्हेरीबद्दल आदर आहे असे नव्हे, मध्ये कठडा आहे. एवढीच गोष्ट समजून घ्यायला अभ्यास दौरा लागत नाही.

पुढचा आक्षेप पानठेल्यापासून सभागृहापर्यंत एकाच सुरात येतो. काऊन बावा, सायकल चालवते कोन आता? उत्तर सरकारनेच देऊन ठेवले आहे. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर, सायकलीसाठी पाच हजार रुपये मिळतात, आणि त्या कार्यक्रमाच्या नकाशात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले तालुके आहेत. म्हणजे पाच किलोमीटर हे सायकलीचे अंतर, हे ठरले. लोहारा घ्या, वडगाव घ्या, उमरसरा घ्या, यवतमाळच्या मध्यापासून सगळे याच टप्प्यात. सायकल दिली, वाटपाचा फोटो निघाला, ती चालवायची कुठे हे मात्र कुणी विचारले नाही. बरे, नियम नाहीत म्हणावे तर देशात सायकल मार्गांचे निकष १९६२ साली छापले गेले. रस्त्यावरून तासाला दोनशेपेक्षा जास्त मोटारगाड्या जात असतील, तर तासाला शंभर सायकली असल्या तरी वेगळा मार्ग करण्याजोगा आहे, आणि तो किमान दोन मीटर रुंद असावा, असे त्यात होते. तासाला दोनशे म्हणजे मिनिटाला सुमारे सव्वातीन. दत्त चौकात सव्वातीन गाड्या तर सिग्नल तोडतानाच मोजून होतील. राहिल्या शंभर सायकली; शाळा सुटायच्या वेळी आर्णी रोडला किंवा धामणगाव रोडला माणूस बसवावा आणि मोजाव्यात. त्या मोजणीत एक खोट राहील, ती म्हणजे भीतीपोटी घरी ठेवलेल्या सायकली मोजल्या जाणार नाहीत.

आपल्याकडच्या उन्हात सायकल चालवणार कशी, हे कारणही फार काळ ऐकून घेण्यासारखे नाही. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे २००६ नंतर कठड्याने वेगळे केलेले, एकमेकांना जोडलेले सुमारे ८० किलोमीटरचे सायकल मार्ग झपाट्याने झाले आणि शंभरात एकही फेरी सायकलने न होणाऱ्या त्या शहरात काही वर्षांत सहा-सात फेऱ्या सायकलने होऊ लागल्या. शिवाय ज्या मुलीकडे दुसरे वाहनच नाही, तिला उन्हाची काळजी आपण सांगायची?

आता ३ जूनबद्दल. २०१८ पासून हा जागतिक सायकल दिन. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, तेव्हा ज्यांच्या नावाने सायकलीचे गुणगान होणार त्या मुली त्या दिवशी घरी असतात. रॅलीला साहेब गाडीने येतात, त्यांची सायकल टेम्पोतून येते. टी-शर्ट वाटले जातात, झेंडी दाखवली जाते. पुढे पोलिसांची गाडी, मागे रुग्णवाहिका, चौकाचौकांत वाहतूक अडवलेली. म्हणजे वर्षातून एकदा, तासभर, शहरात खरोखरचा संरक्षित सायकल मार्ग अस्तित्वात येतो आणि त्यावरून फक्त साहेब जातात. संताप येतो तो इथे. साहेबांसाठी मागे रुग्णवाहिका ठेवायचे सुचते, म्हणजे उघड्या रस्त्यावर सायकल चालवणे किती धोक्याचे आहे हे पुरते ठाऊक आहे. या देशात वर्षाला चार हजारांहून जास्त सायकलस्वार रस्त्यावर मरतात. मरणाऱ्यांच्या मागे रुग्णवाहिका नसते, ती नंतर येते. माहीत असून पट्टा मारणाऱ्याला अज्ञानी म्हणता येत नाही, दुसरा शब्द शोधावा लागतो, आणि तो वर्तमानपत्रात छापत नाहीत.

जागा कुठून आणायची? मधूनच. यावर इंजिनिअर मंडळी म्हणतील की दुभाजक काढला तर समोरासमोर धडका होतील. बरोबर आहे, दुभाजक हवाच. पण धडक थांबवायला अरुंद भिंत पुरते; मातीने भरलेली मीटर-दीड मीटरची कुंडी धडक थांबवण्यासाठी नसते, ती उद्घाटनासाठी असते. कुंडीची जागा सोडवा, दोन्ही कडांना वाटा, कमी पडेल ती गाड्या लावायच्या जागेतून घ्या, आणि जो कठडा मध्ये झाडाला दिला तोच कडेला सायकलीला द्या, सलग, चौकापाशी न तोडता. कण्हेर शासकीय विश्रामगृहाच्या आवारात लावावी, तिथे तिला बंदोबस्त आयता मिळेल. मग व्यापारी विचारतील, गिऱ्हाइकाने गाडी कुठे लावायची? प्रश्न खरा आहे, टाळून चालणार नाही. सेव्हिलमध्येही हे मार्ग करताना काही हजार गाड्यांची रस्त्यावरची जागा गेली आणि ओरड झाली. पण त्यासाठी स्पेनचा दाखला कशाला, यवतमाळचा दुर्गोत्सव पुरे. त्या दिवसांत रस्त्यांचा मोठा भाग मंडपांना आणि गर्दीला जातो, लोक गाड्या लांब लावून लेकराबाळांसह पायी फिरतात, आणि गाडी दारात लावता आली नाही म्हणून त्या दिवसांत बाजारपेठेतल्या मेन लाईनचे कुठले दुकान बसले, असे कुणी सांगत नाही.