लाटांचा शौक

खवळलेल्या पाण्यासाठी पेट्रोलवर चालणारी रिमोटची बोट निवडायची, तर अमेरिकेतल्या छंदिष्टाचा पहिला प्रश्न ठरलेला: वेग किती? तळ कसा आहे, हे तो बोट उलटल्यावर विचारतो. दोन तळांची कॅटामरान शांत तळ्यावर देखणी पळते. लाट आली की मधल्या पोकळीत वारा शिरतो आणि बाईसाहेब पाठीवर. खोल ‘व्ही’ तळ लाट कापत जातो. 1960 साली मायामी–नासाऊ शर्यतीत रे हंट यांच्या आराखड्यावरच्या खऱ्याखुऱ्या ‘मॉपी’ बोटीने हे सिद्ध केलं, पण इतक्या जुन्या पुराव्यावर ज्वाळांचे स्टिकर नसतात ना!

इंजिन साधारण 26 सीसीचं, टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, दोर ओढा, पुन्हा ओढा, शाफ्टला ग्रीस चोपडा. तोवर बॅटरीवाले खेळून, चार्जिंगला लावून, सँडविच खात बसलेले. बोटीच्या पोटात फोम भरावा, म्हणजे ती बुडत नाही. पण फोमला वजन असतं, म्हणून नको! मग तळ्याच्या मधोमध इंजिन गप्प झालं की मालक तिला आणायला ज्या स्वस्तातल्या रबरी होडीतून वल्हवत निघतो, ती मात्र कुठल्याही लाटेवर निवांत तरंगते.