मुलुंड ते बोरिवली, व्हाया नातेवाईक

मुलुंड आणि बोरिवली ही सख्खी शेजारी गावं आहेत, हे फक्त बिबट्याला माहीत आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगलाला पूर्वेकडून मुलुंड टेकलेलं आहे आणि पश्चिमेकडून बोरिवली. बिबट्याने मनात आणलं, तर रात्री मुलुंडला जेवून तो पहाटे बोरिवलीत फिरायला येऊ शकतो. माणसाने हाच बेत केला, तर त्याला आधी उलट दिशेने दादरला जावं लागतं, तिथल्या पुलावर निम्म्या महाराष्ट्राचे धक्के खावे लागतात आणि मध्य रेल्वे सोडून पश्चिम रेल्वेला शरण जावं लागतं.

माझं माहेर मुलुंडला, सासर बोरिवलीला, नणंद घाटकोपरला आणि आमचा संसार अंधेरीला. लग्न जुळवताना दोन्हीकडच्यांनी पत्रिका पाहिल्या, रेल्वेचा नकाशा कुणी पाहिला नाही. परिणाम असा की माझे बाबा आणि माझे सासरे इतकी वर्षं एकमेकांना भेटत आले ते दादरच्या कार्यालयांत, तेही तिसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात, बुफेच्या रांगेत.

२०२५ च्या उन्हाळ्यात आम्हाला कुठलंही आरक्षण मिळालं नाही. कोकण रेल्वे भरलेली, महाबळेश्वर भरलेलं. तेव्हा नवरा एका संध्याकाळी गिअरच्या दोन सायकली घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘या सुट्टीत आपण उपनगरं पाहायची. सगळे नातेवाईक सायकलवर करायचे.’’ नातेवाईक हे ‘करायचे’ असतात, देवदर्शनासारखे उरकायचे, हा त्याचा जुना सिद्धांत आहे.

मी कुरकुर केल्यावर त्याने इतिहास काढला. १९२३ साली मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पूर्ण करून १९२८ मध्ये मुंबई गाठली. वाळवंटं ओलांडली, डोंगर ओलांडले. ‘‘आणि तुला मुलुंड जड जातंय!’’ मी म्हटलं, त्या तिघांना वाटेत कुणी ‘आलात ते आता जेवूनच जा’ म्हणत नव्हतं. म्हणून तर पोचले.

मोहीम पहाटे साडेपाचला सुरू झाली. पहिला टप्पा अंधेरी पश्चिम ते अंधेरी पूर्व. नकाशात हे अंतर बोटाच्या पेराएवढं दिसतं. पण या दोन अंधेऱ्यांना जोडणारा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धा उघडला आणि पूर्ण उघडायला मे २०२५ उजाडला. मधल्या काळात असं लक्षात आलं, की नवा गोखले पूल आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल यांची उंचीच जुळत नाही. दोन्ही पूल बरेच दिवस व्याह्यांसारखे उभे होते: शेजारी, पण पातळी वेगळी. शेवटी बर्फीवाला पूल उचलून वर घेतला, तेव्हा २०२४ च्या जुलैत सोयरीक झाली. त्या पुलावरून सायकलने उतरताना नवरा भावुक झाला. मागून बेस्टच्या बसने हॉर्न दिला आणि भावना आवरली.

पुढे महाकाली लेण्यांच्या रस्त्याने जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, म्हणजे जेव्हीएलआर गाठायचा. लेणी एकोणीस आहेत, शेकडो वर्षांपासून जागची हललेली नाहीत. जेव्हीएलआरवरच्या गाड्यांचंही पुष्कळदा तसंच असतं. पहाटे मात्र रस्ता मोकळा होता आणि पवई तलावावरून वारा येत होता. या तलावाच्या काठाने महापालिका सायकल ट्रॅक बांधायला निघाली होती. उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते काम बेकायदा ठरवलं आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. तलावात मगरी राहतात. न्यायालय आपल्याविरुद्ध आणि मगरींच्या बाजूने गेलं, याचं सायकलस्वार म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. पण काठावर थांबून पाण्याकडे पाहिल्यावर निकाल पटला.

कांजूरहून एलबीएस मार्गाला लागलं की भांडुप आणि मग मुलुंड. या पट्ट्यातून तानसाच्या जलवाहिन्या जातात. त्यांच्या कडेकडेने मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग करण्याची पालिकेची योजना आहे. तिचं नाव ‘हरित वारी, जलतीरी’. त्याचे काही तुकडे झालेही आहेत. नवऱ्याने रस्त्यात दोघांना त्याची वाट विचारली. पहिल्याने नाहूरकडे हात दाखवला, दुसऱ्याने आकाशाकडे.

मुलुंड हे मुंबईतलं शिस्तीचं गाव. १९२२ च्या सुमारास क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी त्याची आखणी केली, म्हणून स्टेशनजवळचे रस्ते अजून काटकोनात भेटतात. माझी आईही तशीच, काटकोनात. तिने दारात आमचे घामेजलेले चेहरे पाहिले, खाली सायकली पाहिल्या आणि मला स्वयंपाकघरात ओढून हळूच विचारलं, ‘‘जावईबापूंची नोकरी आहे ना गं?’’

‘‘आहे की. का?’’

‘‘नाही, गाडी विकलीत की काय म्हणून विचारलं.’’

मी व्यायाम, पर्यावरण, पेट्रोल असं बरंच बोलले. पेट्रोल हा शब्द निघाल्यावर तिची खात्रीच पटली. पन्हं झालं, आमरस-पुरी झाली, बाबांनी जावयाला तिसऱ्यांदा रस वाढला आणि निघताना त्याच्या खिशात एक पाकीट सरकवलं. ‘‘असू द्या. सगळ्यांचेच दिवस येतात-जातात.’’ वर हापूसची एक पेटी दिली, बोरिवलीला व्याह्यांकडे पोचवायला. जंगलाच्या एका बाजूचे आंबे दुसऱ्या बाजूला न्यायचे आणि वाटेत घाटकोपर व अंधेरी करायची. पेटी नवऱ्याच्या कॅरिअरला सुतळीने बांधली.

घाटकोपर पूर्वेला नणंदेची तेवीस मजली सोसायटी आहे. फाटकावरच्या वॉचमनला आमची नोंद मोबाइलमध्ये करायची होती. त्या अॅपमध्ये वाहनाचे प्रकार होते चारचाकी, दुचाकी आणि डिलिव्हरी. दुचाकी निवडली की ते गाडीचा नंबर मागत होतं आणि नंबराशिवाय पुढे सरकत नव्हतं. वॉचमनने सायकल पाहिली, कॅरिअरवरची पेटी पाहिली आणि निर्णय घेतला. वर नणंदेच्या फोनवर निरोप गेला: ‘आंब्याची डिलिव्हरी आली आहे.’ तिने तत्परतेने नकार कळवला. तिने काही मागवलंच नव्हतं. सख्ख्या भावाला फाटकावरून परत पाठवण्याचा तिचा हेतू मुळीच नव्हता, हे तिने नंतर पुष्कळदा सांगितलं. तोवर आम्हाला सामानाच्या लिफ्टने वर पाठवण्यात आलं होतं.

‘‘रील बनवताय ना?’’ हे तिचं पहिलं वाक्य. तिच्या मते माणूस चाळिशीत सायकल चालवतो ते फक्त कॅमेऱ्यासाठी. संध्याकाळी तिने आम्हाला खाऊगल्लीत पायी फिरवलं. घाटकोपरची खाऊगल्ली ही चालण्याची जागा आहे खरी, पण दर दहा पावलांवर डोसा आडवा येतो. मैसूर, चीज, आइस्क्रीम, चॉकलेट असे डोसे तिथे मिळतात आणि त्यांत उडपीने ओळखावा असा एखादाच. दिवसभरात सायकलने जेवढं जाळलं, तेवढं गल्लीच्या निम्म्यातच भरून आलं.

घाटकोपर ते वर्सोवा ही मुंबईची पहिली मेट्रो. ८ जून २०१४ ला सुरू झाली, ११.४ किलोमीटर, बारा स्थानकं, प्रवास एकवीस मिनिटांचा. उपनगरांत पूर्व-पश्चिम हिंडणाऱ्यांनी तिचे पाय धुऊन पाणी प्यावं. त्याआधी घाटकोपरहून अंधेरीला जाणारा माणूस घरून निघताना थोरामोठ्यांच्या पाया पडून निघे. आम्ही मात्र बाणेदारपणे सायकलने परतलो. साकीनाक्याच्या गर्दीत डोक्यावरून एकामागून एक गार डब्यांच्या गाड्या जात होत्या. मी वर पाहत होते, नवरा मुद्दाम पाहत नव्हता.

बोरिवलीला निघालो तेव्हा मात्र मी अट घातली. मेट्रोच्या ‘दोन अ’ आणि ‘सात’ या मार्गांवर सायकल आत नेऊ देतात, तर आपण आंब्यांसह मेट्रोने जाऊ. आंबे आता पिकून सुगंध सोडू लागले होते. डब्यात चढल्यापासून उतरेपर्यंत आमच्याभोवती गर्दी होती आणि तिला सायकलींत काडीचा रस नव्हता.

सासूबाईंनी निदान केलं, ‘‘डॉक्टरांनी सांगितलं वाटतं सायकल चालवायला? शुगर किती निघाली?’’ आम्ही नाही म्हणत राहिलो, तरी नवऱ्यापुढे कारल्याची भाजी आली आणि त्याच्या सासरहून आलेल्या हापूसला, म्हणजे माझ्या माहेरून आलेल्या हापूसला, त्याला हात लावू दिला नाही. मुलुंडला गरिबी, घाटकोपरला प्रसिद्धी, बोरिवलीला मधुमेह. एकाच सायकलचे तीन अर्थ तीन स्थानकांवर.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना घेऊन कान्हेरीला गेलो. ते उद्यानाच्या बसने, आम्ही फाटकावर मिळणाऱ्या भाड्याच्या सायकलींनी. चढ असा की वाटेत माकडंही सहानुभूतीने पाहतात. वर शंभराहून अधिक लेणी आहेत, जवळजवळ प्रत्येकीजवळ पावसाचं पाणी साठवणारी पोढी आणि बसायला दगडात कोरलेला बाक. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून हजारेक वर्षं इथे भिक्षू राहत होते. शिलालेखांत देणगीदारांची नावं आहेत. कुणी सोपाऱ्याचा, कुणी कल्याणचा, कुणी नाशिकचा. सासरे थबकले. ‘‘म्हणजे कल्याणची माणसं इकडे यायची? थेट?’’ थेट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणचा व्यापारी बोरिवलीच्या डोंगरावर येत होता आणि त्याला दादरला गाडी बदलावी लागत नव्हती. सासरे बराच वेळ बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, ‘‘मुलुंड इथून कोणत्या बाजूला?’’

आम्ही पूर्वेकडे बोट दाखवलं. तिथेच ठरलं, की पुढच्या रविवारी दोन्ही व्याह्यांनी अंधेरीला आमच्याकडे यायचं. ते आले, लग्न नसताना आले. त्यांना आम्ही गिल्बर्ट टेकडी दाखवली. काळ्या बेसॉल्टचा ६१ मीटर उंच सरळसोट खडक, वय साडेसहा कोटी वर्षांच्या पुढे. वरती गावदेवीचं देऊळ, जायला पायऱ्या. बाबा आणि सासरे एकमेकांना ‘सावकाश, सावकाश’ म्हणत चढले आणि वर पोचल्यावर अंधेरीच्या इमारतींकडे पाहून एकाच वेळी म्हणाले, ‘‘काय हे करून ठेवलंय!’’ इतक्या वर्षांत त्यांचं प्रथमच एकमत झालं. उतरताना दोघे जावयाच्या पाकिटाचा आणि शुगरचा हिशेब जुळवत होते. पाकीट परत गेलं, कारलं बंद झालं.

उन्हाळा मात्र अर्ध्यावर सुटला. २६ मे रोजी मुंबईत मान्सून दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून, आणि १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. सायकली आता गॅलरीत आहेत, एकीवर टॉवेल वाळतात.

गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम चालू आहे. १२.२ किलोमीटरचा रस्ता, त्यात राष्ट्रीय उद्यानाच्या खालून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे. तो झाला की पूर्वेचे आणि पश्चिमेचे व्याही थेट एकमेकांच्या दारात. तेव्हा ज्यांचे नातेवाईक डोंगराच्या पलीकडे आहेत, त्यांना सांगणं एवढंच: बोगद्याची वाट पाहू नका. जाऊन या. पहाटे निघा, आंब्याची पेटी कॅरिअरला घट्ट बांधा, आणि दारात पोचल्याबरोबर, कुणी विचारायच्या आधीच, सांगून टाका की पगार वेळेवर होतो आणि शुगर नॉर्मल आहे.