कोरम नसला तरी चालेल

पोरा, जिल्हा परिषदेची परीक्षा पास होऊन ग्रामपंचायत अधिकारी झालास, अभिनंदन! पेढे वाटताना ‘गावाचा शाश्वत विकास करणार’ म्हणालास, तेव्हा शेजारचे निवृत्त भाऊसाहेब खोकले, ते काही पेढ्यामुळे नव्हे. 2024 साली सरकारनं ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून सगळ्यांनाच अधिकारी केलं. गाव मात्र तुला भाऊसाहेबच म्हणणार, आणि ‘भाऊसाहेब, मोटर जळली’ हे रात्री अकरालाच सांगणार.

शाश्वत विकास तसा सोपा आहे. संयुक्त राष्ट्रांनी 17 ध्येयं ठरवली, दिल्लीनं ती 9 संकल्पनांत कोंबली, आता ती तू गावच्या आराखड्यात कोंबायची. ‘जलसमृद्ध गाव’ निवड. टँकर येतोच आहे.

आराखड्याला ग्रामसभा लागते. 26 जानेवारीला झेंडावंदन होतं, पोरं बिस्किटांचे पुडे घेऊन पळतात आणि बापे पारावर बसून सभेला कोण जातंय ते बघतात. कोरम म्हणजे 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल ते. तू मोजशील तर वीसेक डोकी, त्यात सदस्य, शिपाई आणि सावलीला टेकलेला एक पाहुणा. घाबरू नकोस, सभा तहकूब कर. कायदा कनवाळू आहे, तहकूब सभेला कोरमच लागत नाही! मग शिपाई रजिस्टर घेऊन पानटपरीवर जातो, सह्या होतात आणि गाव घरी झोपलेलं असताना गावाचा विकास सर्वानुमते मंजूर होतो.

अभ्यासदौरा मात्र चुकवू नकोस. बस भरून हिवरे बाजारला जा. पोपटराव पवारांच्या त्या गावानं शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, उसाला नाही म्हटलं, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. सगळे माना डोलावतात, कमानीखाली फोटो काढतात. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर चर्चा रंगते ती बोअरची गाडी फुटाला काय भाव घेते, याची. निधी नाही म्हणून रखडलेली गावं पुष्कळ आहेत, मान्य. पण ऊस सोडायला कुठला निधी लागतो, हे तुझ्या दप्तरातल्या नमुना 1 ते 33 मध्ये कुठंच सापडायचं नाही.

आता कामाचं सांगतो. राहायला तालुक्याचं गाव बघ, मुलांच्या शाळा तिथं बऱ्या आहेत. फक्त घरभाडं मिळायला तू मुख्यालयीच राहतोस असा ग्रामसभेचा ठराव लागतो. तो तहकूब सभेत घे.