टार्गेटवाला

गुढीपाडव्याच्या आसपास बीडच्या सुभाष रोडवर चहाला थांबलं की हा गडी हमखास भेटतो. पहिला घोट घेतानाच तो सांगतो, "यंदा एक लाख साठवायलोय, आपलं टार्गेट आहे." कप खाली ठेवेपर्यंत 'मिशन एक लाख' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघालेला असतो. सभासद म्हणजे दहा-बारा लंगोटीयार, ॲडमिन तो स्वतः. खात्यात पैसे पडले की स्क्रीनशॉट येतो आणि त्याखाली अंगठे, "एकच नंबर भावा", "विषयच नाही" यांची रांग लागते. वैशाखात लग्नसराई येते. "आहेरातच गेले राव, पुढच्या महिन्यात डबल टाकतो," असा खुलासा होतो आणि त्यालाही तितकेच अंगठे मिळतात. पंचवीस हजारांचा टप्पा गाठला की धाब्यावर पार्टी ठरते, तिचं बिल त्याच पंचवीस हजारांतून जातं. पोळ्यापर्यंत ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग उरतं.

त्याला हसणं सोपं आहे, पण त्याची मूळ कल्पना खुळी नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात एमिली ब्रेझा आणि अरुण चंद्रशेखर या अर्थशास्त्रज्ञांनी ६० गावांत हेच करून पाहिलं. बचत करणाऱ्याने आपलं उद्दिष्ट ठरवायचं आणि त्याची प्रगती गावातल्या एका माणसाला वेळोवेळी कळवली जायची. अशा साक्षीदारामुळे एकूण बचत सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली. त्यातही साक्षीदार गावात ऊठबस असलेला, चार जणांत शब्द चालणारा असेल तर परिणाम जास्त. कारण उघड आहे. आज ना उद्या त्याच्याकडे काम पडणार, तेव्हा त्याच्यासमोर आपण शब्दाचे कच्चे ठरलो तर ते महागात पडतं. टार्गेटवाल्याची गफलत नेमकी इथे होते. तो साक्षीदार निवडतो ते माफ करणारे. ज्या मित्रांनी दहावीपासूनच्या त्याच्या सगळ्या थापा पोटात घातल्या, ते एका चुकलेल्या हप्त्यावर तोंड फिरवतील कशाला?

दोष मोबाइलचा, समोरासमोर बसल्याशिवाय धाक राहत नाही, असं कुणी म्हणेल. पण चिलीत गरीब छोट्या व्यावसायिकांवर झालेला प्रयोग तसं सांगत नाही. तिथे लोक गटात आपलं उद्दिष्ट जाहीर करत, एकमेकांचा हिशेब बघत, आणि त्यांच्या पैसे भरण्याच्या खेपा साडेतीन पट झाल्या. पुढे बैठकीऐवजी नुसते मोबाइलवर निरोप धाडले, तर तेही जवळपास तितकेच कामी आले. तेव्हा मोबाइल निर्दोष आहे. बघायचं ते त्यातल्या माणसांकडे. चिलीतल्या गटातले साक्षीदार स्वतः बचत करत होते, 'मिशन एक लाख'मधले फक्त अंगठे देतात.

खरं तर चिलीपर्यंत जायची गरजच नाही, कारण टार्गेटवाल्याची बायको बहुधा बचत गटात असते. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांना जोडायला सुरुवात केली. पुढे राज्याच्या महिला आर्थिक विकास महामंडळामुळे (माविम) आणि 'उमेद' अभियानामुळे ते वाडी-वस्तीपर्यंत पोचले. गटाची बैठक बघण्यासारखी असते. मध्ये सतरंजी, तिच्यावर पत्र्याची पेटी. पेटी एकीच्या घरची, किल्ली दुसरीकडे. सचिव नाव वाचते, बाई पदराच्या गाठीतून घामेजलेली शंभराची नोट काढते, नोंद होते, सही किंवा अंगठा. (या अंगठ्याला किंमत आहे.) उशीर झाला तर पाच-दहा रुपये दंड, आणि "पाहुणे आले होते" हे कारण कुणी ऐकून घेत नाही, कारण पाहुणे सगळ्यांकडेच येतात. कुणी कुणाला शाबासकी देत नाही. नाव पुकारल्यावर पैसे नसले की दोन क्षण सगळ्या गप्प होतात, तेवढ्या धाकावर पुढचा हप्ता वेळेवर येतो.

अशा उघड बचतीवर आपल्याकडचा सगळ्यात जुना आक्षेप म्हणजे पैसा सांगू नये. सांगितला की उसने मागणारे दारात. टार्गेटवाल्याबाबत तो सोळा आणे खरा आहे. स्क्रीनशॉटमध्ये शिल्लक बघून पहिला फोन येतो तो सगळ्यात मोठा अंगठा देणाऱ्याचाच. पण गटातल्या बाईला तोच बोभाटा उपयोगी पडतो. भावजयीने हात पसरला तर "पैसे गटात अडकलेत" हे उत्तर तयार असतं, नातं न तोडता नाही म्हणण्याची इतकी सभ्य सोय दुसरी नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. चारचौघांचा दबाव जाचही होऊ शकतो. या जिल्ह्याला तो शिकवायला नको. ऊसतोडीची आगाऊ उचल घेतली की सगळ्या टोळीला रक्कम ठाऊक असते, मुकादम वसुलीला बसलेला असतो आणि दिवाळीनंतर नवरा-बायकोचा कोयता साखर कारखान्याच्या फडावर जातो. तिथे हिशेब एकाच बाजूचा बघितला जातो, मुकादमाची वही कुणी उघडून बघत नाही. बचत गटात मात्र आज जी हप्ता मागते, तिचं नाव पुढच्याच ओळीत असतं. त्यामुळे जीभ आपोआप बेताने चालते. गटातही कर्जाच्या हप्त्यासाठी एखादीच्या दारात जाऊन बसण्याचे प्रकार होतात, ते चांगले नव्हेत. पण जी बसते तिच्या दारातही उद्या बसता येतं, हे तिला माहीत असतं.

तेव्हा टार्गेटवाल्याला ग्रुप बंद कर म्हणायचं कारण नाही, फक्त सभासद बदलायला हवेत. प्रत्येकाने स्वतःचाही हप्ता भरायचा, चुकला तर दंड, आणि दोन नावं वाढवायची. एक मेव्हणा, दुसरे शाळेचे हेडमास्तर. ही सूचना त्याच्यापुढे ठेवली की तो ती मनापासून ऐकतो, मान डोलावतो, आणखी एक कटिंग सांगतो आणि म्हणतो, "आयडिया लई भारी आहे, पण एकदा ॲडमिनला विचारावं लागंल."