नुसती जागा द्या

काका लडाखला निघतात ते डोंगर बघायला नव्हे, हॉटेलवाल्यांना धडा शिकवायला. "रात्री झोपायचे अडीच हजार? डोळे मिटल्यावर खोली दिसते का कुणाला?" हा त्यांचा सिद्धान्त. तो सिद्ध करण्यासाठी त्यांनी गाडीच्या टपावर बसणारा तंबू घेतला, बॅटरीवर चालणारा फ्रिज घेतला आणि मागची सीट काढून सुताराकडून ओटा करून घेतला. या सगळ्याचे किती पडले असं विचारलं, की काका किलोमीटरमागे डिझेल किती लागतं ते सांगू लागतात.

ही जमात हल्ली पुणे, ठाणे, नाशिक भागात चांगलीच फोफावली आहे. बँकेतून किंवा वीज मंडळातून निवृत्त, मुलगा परदेशी, गुडघे अजून शाबूत. पूर्वी ही मंडळी चारधामच्या बसमध्ये खिडकीची जागा धरायची. आता स्टिअरिंगच धरतात. टपावर डिझेलचे कॅन, पुढे जादा दिवे, काचेवर पार केलेल्या खिंडींची स्टिकरं. बघणाऱ्याला वाटतं, मोहिमेचे म्होरके काका. मागचं दार उघडलं की खरा प्रकार कळतो. ते काकूंचं स्वयंपाकघर आहे आणि काका त्यावरचे ड्रायव्हर.

तिथे गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, लसणाची चटणी असा सगळा सरंजाम आहे. हळद-हिंग-मोहरीची तयार फोडणी काचेच्या बाटलीत, आणि बाटली फुटू नये म्हणून काकांच्या जुन्या मोज्यात. भिजवलेल्या मटकीची पुरचुंडी खिडकीवरच्या दांडीला लोंबते. जूनच्या उकाड्यात धुळे सोडून बिजासनचा घाट चढेपर्यंत तिला झकास मोड येतात. पण मनाली मागे टाकून, अटल बोगद्याचे नऊ किलोमीटर ओलांडून लाहौलमध्ये शिरलं, की पुढची मटकी दोन दिवस ढिम्म. "अहो, हीटर लावा," काकू म्हणतात. काका लगेच लावतात. काकूंना थंडी वाजली तर हीटरने डिझेल जास्त जातं. मटकीला वाजली तर जात नाही.

पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी तांदीच्या पंपावरची पाटी प्रसिद्ध आहे. लोक तिथे फोटो काढतात. काका टाकी काठोकाठ भरून घेतात आणि वर नळी झटकायला लावतात.

जिस्पाला भागा नदीकाठी तंबूंचे कॅम्प आहेत. काका मालकाला गाठतात. "भैया, हमको खाली जगह दो, तंबू हमारा है."

"खाना?"

"वो भी हमारा है."

"बाथरूम?"

"वो थोडा थोडा तुम्हारा लगेगा."

घासाघीस तासभर चालते. तेवढ्यात काकूंनी मालकाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करून तिच्या हातावर मेथीचा लाडू ठेवलेला असतो. जागा फुकट मिळते. काका ते स्वतःच्या वाटाघाटींचं यश मानतात.

सारचू मात्र कुणाशी वाटाघाटी करत नाही. उंची सुमारे ४,३०० मीटर, म्हणजे तीन सिंहगड एकावर एक रचून वर आणखी एखादी टेकडी. जाणकार सांगतात, पहिल्या फेरीत इथे मुक्काम टाळावा. पण काका दर रविवारी सिंहगड चढतात, त्यामुळे त्यांना विरळ हवेचं काही वाटत नाही. संध्याकाळी ते कपाळ धरून बसतात. "दुखत नाहीये, जरा जड झालंय." इकडे कुकरच्या तीन शिट्ट्या होऊनही डाळ खड्यासारखी. भाताचं आधण खळखळतंय, पण काकू त्याच्याकडे संशयाने बघतात. "उकळतंय मेलं, पण तापत नाहीये!" बरोबरच आहे, त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. काका एका हाताने डोकं दाबत दुसऱ्या हाताने हवेचा दाब समजावतात. काकू न ऐकता आणखी पाच शिट्ट्या घेतात. रात्री पारा शून्याखाली जातो. गारठलेल्या डब्यातला ब्यूटेन मग वायू व्हायलाच तयार नसतो आणि सकाळी शेगडी नुसती फुसफुसते. म्हणून काकू गॅसचा डबा रात्रभर गोधडीत, स्वतःच्या पायाशी घेऊन झोपतात. काकांच्या वाट्याला गोधडीची उरलेली कड येते.

बर्फ दुपारी वितळतं आणि नाले चढतात, तेव्हा खिंड सकाळीच ओलांडावी, हे तिथलं साधं शहाणपण. परतीला मात्र दूध उरलं होतं. ते वाया कसं घालवायचं? चहा झाला, मग पुन्हा चहा झाला, आणि सुमारे ४,९०० मीटरवरच्या बारालाचा खिंडीजवळ पोचेपर्यंत रस्त्याची नदी झालेली. पुढे ट्रक, मागे ट्रक. काका खाली उतरून पाण्याची खोली मापत बसले. काकूंनी मागचं दार उघडलं, मोज्यातून बाटली काढली, आणि पिठल्याचा वास रांगभर पसरला. पहिला ड्रायव्हर वाटी घेऊन आला, दुसरा थाळी घेऊन, तिसरा नुसताच. डाळ शिजली नाही म्हणून अडत नाही. बेसन कुठल्याही उंचीवर इमानाने शिजतं. संध्याकाळी त्याच लोकांनी पाण्यात दगड टाकून गाडी पलीकडे ढकलली. त्या रात्री काकांनी वहीत लिहिलं: बेसन, पाऊण किलो. रस्तादुरुस्ती खात्यात टाकलं.

घरी आल्यावर हिशेब झाला. हॉटेलचा खर्च शून्य. तंबू आणि फ्रिजचे पैसे वसूल व्हायला अशा आणखी काही फेऱ्या लागतील, असं काकांचं मत आहे, आणि त्या करण्याची त्यांची तयारी आहे. यंदा सप्टेंबरात स्पिती.

तेव्हा तुमचं घर आग्रा रोडवर असेल आणि पुढे थोडं अंगण असेल, तर एखाद्या संध्याकाळी टपावर तंबू लादलेली गाडी दारात थांबेल आणि कुणी नुसती जागा मागेल. द्या. जेवायचं मात्र विचारू नका. काकूंनी तुमचंही पान मांडलेलं असेल.