सेलभाऊ

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, कॉलेजच्या हजेरीपटावर आहे आणि कुरिअरवाल्या पोराच्या फोनमध्ये आहे. बाकी सगळ्यांसाठी तो सेलभाऊ. बुलढाण्यात आमच्या गच्चीवरच्या खोलीत तो आणि आणखी दोन पोरं भाड्याने राहतात. ती दोघं पोलीस भरतीची तयारी करतात, पहाटे पाचला ग्राउंडवर पळायला जातात. सेलभाऊ बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पहाटे पाचला तो नुकताच झोपलेला असतो, कारण रात्री बाराला कुठला ना कुठला सेल सुरू झालेला असतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सेलभाऊ कधी काही विकत घेत नाही. तो वाचवतो. "काका, बाराशे वाचले!" असं ओरडत तो जिना चढू लागला की समजायचं, आठशे गेले. वाचलेल्या पैशांचा हिशेब तो मोबाइलमध्ये ठेवतो, आणि खिशात मेसचे पैसे नसतात त्या महिन्यातही तो आकडा वाढतच असतो. मेसवाल्या मावशींना त्याने एकदा तो कौतुकाने दाखवला. "मावशी, यंदा मी नऊ हजार वाचवले." मावशी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "बरं केलं बाप्पा. मंग त्यातले अठराशे दे इकडे, दोन महिन्याचे झाले."

तो घाटाखालचा. जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावरचे आम्ही बुलढाण्याची हवा थंड म्हणून मिरवतो. घाटाखालचे म्हणतात, माणसंही थंडच आहेत. राजूर घाट उतरून, मोताळा-नांदुरा मागे टाकून, पूर्णा ओलांडली की जळगाव जामोद तालुका लागतो. तिथलं हे पोरगं. भेंडवळ त्याच्या गावापासून जवळ आहे आणि त्याचा परिणाम त्याच्यावर झालेला आहे. भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती अठरा प्रकारची धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुठला दाणा जागचा हलला ते पाहून पाऊस, पीक, भाव, राजकारण या सगळ्याचं भाकीत सांगतात. सेलभाऊचं कार्ट म्हणजे हीच मांडणी. दिवाळीच्या सेलआधी पंधरा दिवस तो त्यात शर्ट, हूडी, कार्गो पँटी मांडून ठेवतो आणि रोज उठल्यावर कोण हललं ते बघतो.

"काका, ही ऑलिव्ह कार्गो परवापर्यंत सहाशे एकोणपन्नासले होती. आज आठशे नव्व्याण्णव करून टाकली. आता पाहा, सेलमध्ये पुन्हा सहाशे एकोणपन्नास करतीन अन् वर लिहितीन अठ्ठावीस टक्के सूट."

भाकीत तंतोतंत खरं ठरलं. रात्री बारा वाजून चार मिनिटांनी त्याने ती पँट घेतली.

"अरे, तुला कळत होतं ना सगळं? मग कशाला घेतलीस?"

"अठ्ठावीस टक्के सूट हाय ना काका!"

यावर काय बोलणार? फ्लिपकार्टने ६ ऑक्टोबर २०१४ ला पहिला बिग बिलियन डे भरवला, तेव्हा हा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत होता आणि दोन गणवेशांवर वर्ष काढत होता. मला वाटतं, तेव्हाचा अनुशेष तो आता भरून काढतोय. अनुशेष हा शब्द विदर्भातल्या माणसाला लवकर समजतो.

सरकारी निर्णयांवरही त्याचं बारीक लक्ष असतं. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर सरसकट ५ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी हजारापर्यंत ५ आणि हजाराच्या वर १२ टक्के होता. सेलभाऊने त्या आनंदात टपरीवर चौघांना चहा पाजला. साहेबांनी जन्मात हजाराच्या वरचा कपडा घेतलेला नाही, त्यामुळे त्यांचे ५ टक्के कालही ५ होते आणि आजही ५ च आहेत, हे भरतीवाल्यांपैकी एकाच्या लक्षात आलं. पण शहाणा मुलगा, चहा संपेपर्यंत बोलला नाही.

गावातल्या रेडिमेडवाल्यांना तो दुरून ओळखू येतो. आत येणार, कापड चिमटीत धरून चुरगाळणार, शर्ट घालून आरशात उजवीकडून-डावीकडून पाहणार, गळ्यामागच्या लेबलाचा फोटो काढणार आणि "पाहून येतो" म्हणून निघणार. कुठे पाहून येणार, ते दुकानदाराला पाठ आहे. एका शेठने तर त्याला बसवून घेऊन शांतपणे विचारलं, "घालून पाह्याले अथी अन् पैसे द्याले तिकडे? भाऊ, एक काम कर. ट्रायल रूमचं भाडं देत जाय." सेलभाऊने तेवढ्याच शांतपणे विचारलं, "विद्यार्थ्यांले किती टक्के सूट हाय?"

पार्सल येतं दुपारी, तो कॉलेजात असताना. त्यामुळे दार मी उघडतो, ओटीपी मी सांगतो, आणि कॅश ऑन डिलिव्हरी असली की पैसेही बहुतेक वेळा मीच देतो. कुरिअरवाल्या पोराला माझं आडनाव ठाऊक नाही. फोनवर कुणाला तरी पत्ता सांगताना तो आमच्या घराचा उल्लेख 'सेलभाऊचं ऑफिस' असा करताना मी ऐकलंय. थेट गावी मागवायची सोय नाही. तिथला पिनकोड टाकला की बऱ्याच वस्तू 'उपलब्ध नाही' म्हणून डोळे मिटून घेतात. म्हणून सगळा माल घाटावर उतरतो.

पार्सल उघडायचा विधी संध्याकाळी असतो. एक भरतीवाला मोबाइलवर शूटिंग करतो, दुसरा बॅटरी धरतो, सेलभाऊ खोका सहाही बाजूंनी कॅमेऱ्याला दाखवतो आणि मगच कटर लावतो. भलतंच निघालं तर पुरावा हवा. तसं एकदा निघालंही. कंपनीचं नाव घेत नाही. तीनशे नव्व्याण्णवच्या जॅकेटऐवजी लहान मुलीचा झालरीचा फ्रॉक बाहेर आला. व्हिडिओ तयार होता, तक्रार करायला सात दिवस होते. सेलभाऊने फ्रॉकची किंमतपट्टी उलटीपालटी करून पाहिली. छापील किंमत आठशे नव्व्याण्णव. "पाचशे वाचले," तो म्हणाला, आणि फ्रॉक भाचीला पाठवून दिला. तिच्या मापाचा नव्हता, पण मामा खूश होता.

आता वाचकाच्या मनात साहजिक प्रश्न येईल की एवढे कपडे घेणारा हा गडी रोज घालतो तरी काय?

रोज तो एक राखाडी ट्रॅक पँट घालतो. ती दोरीला वाळत असली तरी गुडघे वाकलेले दिसतात. वर तीनपैकी एक टी-शर्ट, आणि तिन्ही फुकट मिळालेले. पहिला रक्तदान शिबिरातला. दुसरा गणेश मंडळाचा, पाठीवर मोठ्या अक्षरात 'स्वयंसेवक'. तिसरा त्याच्या बाबांना कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांबरोबर मिळाला होता. त्याच्या छातीवर फुटलेलं बोंड आहे आणि पाठीवर 'भरघोस उत्पन्नाची हमी'. ही हमी पाठीवर घेऊन तो केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला जातो. कॉलेजसाठी म्हणून एक जीन्स आहे. ती रविवारी धुतो, सोमवारी ओलीच घालतो.

मंडळाच्या टी-शर्टाने त्याला शेगावात गाठलं. गजानन महाराजांच्या दर्शनाला गेला होता. संस्थानातली शिस्त तुम्हाला ठाऊक असेलच. सेवेकरी येणाऱ्या प्रत्येकाला 'माउली' म्हणतात आणि येणारेही त्यांना माउलीच म्हणतात. एका आजीने पाठीवरची अक्षरं वाचून विचारलं, "माउली, दर्शनाची लाइन कुठी?" याने दाखवली. मागून दुसऱ्याने चप्पल स्टँड विचारलं, तिसऱ्याने महाप्रसाद. खरे सेवेकरी पांढऱ्या कपड्यांत असतात, हा भगव्या टी-शर्टात. पण अडलेल्या माणसाला रंग दिसत नाही. तासभर तो हात उजवीकडे-डावीकडे करत उभा होता. शेवटी एक खरे सेवेकरी जवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "माउली, आपली सेवा कोणत्या खात्याची?" तेव्हा कुठे हा रांगेत जाऊन उभा राहिला.

"आणि नवे कपडे कधी घालणार?" असं विचारलं तर सेलभाऊ दुखावतो. "चांगलं हाय काका ते. रोज कायले घालायचं?" नवे शर्ट त्याच्या पलंगाखालच्या पेटीत आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कॉलरखालच्या पुठ्ठ्यासकट, लेबलासकट. दर रविवारी पेटी उघडून तो ते मोजतो आणि डांबराच्या गोळ्या बदलतो. ऑलिव्ह कार्गोही तिथेच आहे.

गावी घालावेत, तर गाव खारपाणपट्ट्यात. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा, पूर्णेकाठचा हा सगळा भाग तसाच. भूगर्भातलं पाणी खारट, साबणाला फेस येत नाही, पांढरा सदरा चार धुण्यांत पिवळा पडतो. त्यामुळे नवा कपडा घाट उतरत नाही. घाटावर प्रसंग नाही आणि घाटाखाली पाणी नाही, अशा पेचात पेटी भरत चालली आहे.

यंदाच्या दिवाळीत त्याने आग्रह केला म्हणून मी त्याच्या गावी जाऊन आलो. सुट्टीत पोरगं घरी आलेलं ते वेचणीच्या दिवसांत. वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन कापसाची पहिली वेचणी सुरू होती. सेलभाऊ बियाण्याचाच टी-शर्ट घालून, कमरेला फडकं बांधून वावरात उभा. तेवढ्या एका ठिकाणी तो टी-शर्ट शोभला.

त्याची माय मला म्हणाली, "पाहा ना भाऊ, खोक्यावर खोके येतात म्हणते याले, अन् अंगावर पाहा! दिवाळीले तरी माणसासारखं कापड घालावं का नाही? लोकं म्हंतीन, माय-बाप देत नाहीत."

तिच्या समाधानासाठी एक शर्ट त्याने आणला होता. चारशे नव्व्याण्णवचा, 'पंधराशे वाचलेला', कारण छापील किंमत एक हजार नऊशे नव्व्याण्णव. बाबांनी चष्मा लावला, शर्ट हातावर घेतला आणि लेबल वाचलं. पॉलिस्टर ६० टक्के, कॉटन ४० टक्के.

"वजन किती याचं?"

"असंन दोनशे ग्राम."

"म्हंजे रुई ऐंशी ग्राम." बाबा ओसरीवरच हिशेबाला बसले. क्विंटलभर कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकीची सरकी. म्हणजे ऐंशी ग्राम रुईला सव्वादोनशे-अडीचशे ग्राम कापूस लागला. मध्यम धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,७१०. "अठरा रुपये," बाबा म्हणाले. "चारशे नव्व्याण्णवात माहे अठरा. तेही हमीभाव भेटला तं."

"पण बाबा, सेलमध्ये घेतला ना. पंधराशे वाचले."

"आपल्या मालाचा तं बारमाही सेल हाय बापू. त्यात कोणाचे किती वाचतात ते काही लिहून येत नाही."

सेलभाऊ पहिल्यांदाच गप्प बसलेला मी पाहिला. कापसाची ही कथा जुनी. याच जिल्ह्यात, खामगावला, १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले होते, जलंबहून काढलेल्या रेल्वेच्या फाट्याचं उद्घाटन करायला. तो फाटा काढला कापसासाठी. वऱ्हाडातली रुई विलायतेला जायची आणि कापड होऊन परत यायची. ते कापड निदान सुती असायचं.

बाबांनी शर्टाची घडी घातली आणि कोपऱ्यातली लोखंडी पेटी उघडली. आत आहेराचे शर्टपीस होते, थप्पीने, न शिवलेले. काही तर दोन-तीन मांडवांतून फिरून आलेले असावेत. एकावर भलत्याच गावच्या वधू-वरांच्या नावांची चिठ्ठी होती. सेलभाऊला हसू फुटलं. "बाबा, हे घालान कधी?"

"चांगल्या कामाले ठेवले ते," बाबा म्हणाले आणि मुलाचा शर्ट त्यांच्यावर ठेवून पेटी लावली.

तर आता तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होईल. चिखली, मेहकर, मोताळा, मलकापूर, घाटावर किंवा घाटाखाली, कुणाच्याही घरी कार्य असेल तर एक पत्रिका आमच्या पत्त्यावर पाठवावी ही विनंती. ओळख नसली तरी चालेल. सेलभाऊ नक्की येईल, ऑलिव्ह कार्गो घालून येईल. आहेरही आणेल. शर्ट असेल, पिशवीतला, कोरा. फक्त त्याच्यावरचं एक हजार नऊशे नव्व्याण्णवचं लेबल कुणी काढू नये; ते त्याने मुद्दाम ठेवलेलं असेल.