दुखऱ्या सांध्यांनी ब्रा कशी घ्यावी व कशी घालावी : नवशिक्यांसाठी

रूमॅटॉइड संधिवाताचं निदान झालं की डॉक्टर बरंच काही सांगतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही, हे तर दोनदोनदा बजावतात. फॉलिक ॲसिड विसरू नका, रक्ततपासणी चुकवू नका, व्यायाम सोडू नका. उद्या सकाळी उठल्यावर ब्रा कशी घालायची, हे मात्र कुणीच सांगत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी ही मार्गदर्शिका. फायब्रोमायल्जिया, ल्यूपस आणि ‘रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत’ या वर्गांतल्या भगिनींनाही मुक्त प्रवेश आहे. पुरुषांनी वाचायला हरकत नाही. चौथ्या पायरीत त्यांना काम आहे.

साहित्य : शिंप्याकडे असते तशी मऊ मेजपट्टी, एक नवं ब्लेड, पाठ असलेली खुर्ची, जाडसर टॉवेल, एक ओढणी. नवरा, बहीण, मुलगी यांपैकी घरात जे उपलब्ध असेल ते. संयम चवीनुसार.

पायरी पहिली : प्रतिस्पर्धी ओळखा

नेहमीच्या ब्राचे हूक पाठीवर असतात. ते लावायचे म्हणजे दोन्ही हात मागे न्यायचे, खांदे आत वळवायचे, मनगटं मुरडायची, ताणलेलं इलॅस्टिक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचं आणि न बघता दोन-तीन हूक आपापल्या घरांत एकाच वेळी बसवायचे. आता रूमॅटॉइड संधिवात बहुतेकींच्या अंगात शिरतो तो कुठून? मनगटातून, बोटांच्या मुळांतून आणि मधल्या पेरांतून. शिवाय सकाळी उठल्यावर सांधे तासभर, कधी त्याहून जास्त वेळ आखडलेले असतात, आणि ब्रा नेमकी सकाळीच घालायची असते. सरकारने समिती नेमून ठरवलं असतं तरी योग इतका अचूक जुळला नसता.

न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या बाईंनी १९१४ साली ब्राचं अमेरिकन पेटंट घेतलं. दोन हातरुमाल आणि रिबीन घेऊन, मोलकरणीच्या मदतीने त्यांनी पहिला नमुना शिवला, असं सांगतात. मोलकरीण हाताशी असल्यावर गाठ पाठीवर काय नि पोटावर काय, बाईंना दोन्ही सारखंच. आपल्याकडे मात्र हा प्रश्न आधीच सुटलेला होता. गुळेदगुड्डच्या खणाची गाठीची चोळी आठवा. दोन टोकं पुढे घ्यायची, छातीखाली, स्वतःच्या डोळ्यांसमोर गाठ मारायची. अंग सुजलं, सैल बांधा. उतरलं, आवळा. मागे हात न्यायचा प्रश्न नाही, चौतीस-छत्तीसची भानगड नाही. मग आपण पुढे गेलो आणि गाठ मागे गेली.

पायरी दुसरी : माप

रीत सोपी आहे. छातीखालून मेजपट्टी फिरवावी, ते पट्ट्याचं माप. छातीच्या भरलेल्या भागावरून फिरवावी, ते दुसरं. दोहोंतला फरक ढोबळमानाने एक इंच असेल तर कप ए, दोन असेल तर बी, तीन असेल तर सी. एवढं खोक्यावरही छापलेलं असतं. खोक्यावर हे छापलेलं नसतं, की प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची मात्रा वाढली की चेहरा, मान, पोट भरत जातं आणि कमी झाली की सावकाश, आपल्या मर्जीने, उतरतं. तेव्हा माप वहीत लिहिताना शेजारी तारीख आणि गोळीचे मिलिग्रॅमही लिहावेत. ‘माझी साईज चौतीस’ असं छातीठोक सांगायचे दिवस गेले.

पट्टा काचतोय पण कप बरोबर आहे, अशा वेळी पट्ट्याचा आकडा एका मापाने वर न्यावा आणि कपाचं अक्षर एकाने खाली आणावं. ३४ सी आणि ३६ बी यांचा कप आकारमानाने सारखाच असतो. दुकानातल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. त्यांना सांगत बसू नये, थेट ३६ बी मागावी.

जाणकार म्हणतात, नवी ब्रा सगळ्यांत सैल घरात बसेल अशी घ्यावी, कारण इलॅस्टिक पुढे ढिलं पडतं आणि मग आतली घरं कामाला येतात. धडधाकट बायकांसाठी सल्ला बिनचूक आहे. आपण मधल्या घरात बसणारी घ्यावी. दुखण्याने उचल खाल्ली की एक घर बाहेर, बरं वाटलं की एक घर आत. तेवढ्यानेही भागलं नाही तर शिवणसाहित्याच्या दुकानात हुकांची जोडपट्टी मिळते, एक्स्टेंडर म्हणून मागावी. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी वस्तू या सबंध व्यवहारात दुसरी नाही.

आणि खांद्याचे पट्टे आवळून भार उचलायला जाऊ नये. भार छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. खांद्यावर टाकला की संध्याकाळी मान हिशेब मागते.

पायरी तिसरी : दुकान

शनिवारी, रविवारी आणि मेथोट्रेक्सेट घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नये. पहिल्या दोन दिवशी तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते, तिसऱ्या दिवशी आपल्यात पाय उचलायची ताकद नसते.

दुकानं दोन जातींची. पहिल्या जातीत गल्ल्यावर काका असतात, मागे छतापर्यंत खोकी असतात आणि काका नुसत्या नजरेने माप सांगतात. तिथला संवाद साधारण असा होतो :

‘पुढून हूक असलेली आहे का?’

काका मान वर करून माळ्यावर हाक मारतात, ‘ए पप्पू, फीडिंगची टाक रे खाली!’

‘फीडिंगची नको काका, साधी द्या. फक्त पुढून उघडणारी.’

‘ताई, पुढून उघडणारी फीडिंगचीच येते.’

एव्हाना शेजारच्या गिऱ्हाईक बाई आपल्या पोटाकडे आणि मग केसांतल्या चांदीकडे आळीपाळीने बघू लागलेल्या असतात. वाद घालू नये. पप्पूने टाकलेली वस्तू हातात घेऊन बघावी, कारण काकांचं अगदीच चुकलेलं नसतं. सुती फीडिंग ब्रांपैकी काही पुढून पूर्ण उघडतात. त्या आपल्याला उत्तम चालतात, बाळाचा दाखला कोणी मागत नाही. काहींचा मात्र नुसता कप उघडतो आणि हूक पाठीवरच राहतो. त्या परत कराव्यात.

पुढून उघडणारी मिळाली म्हणजे जिंकलो, असंही नाही. एकेरी प्लॅस्टिकची कळ असेल तर ती सोडवायला दोन्ही अंगठ्यांचा जोर लागतो, आणि अंगठ्यांनी तर कधीच संप पुकारलेला असतो. बारीक धातूचे पाच हूक एकाखाली एक असतील तर वेळ लागतो, पण जोर लागत नाही. चेन असेल तर तिच्या टोकाला सुतळी किंवा कडी ओवता येते, बोट अडकवून ओढता येतं. वेलक्रो सगळ्यांत सोपा, फक्त तो लोकर, ओढणी, केस, जे दिसेल ते धरून ठेवतो. दुकानात लावून-काढून बघायचं ते जास्त दुखऱ्या हाताने. संध्याकाळी पाच वाजता, सांधे मोकळे झालेले असताना, सगळेच हूक सोपे वाटतात. खरेदी सकाळी सातच्या हातांसाठी चालली आहे, हे विसरू नये.

पहिल्या जातीच्या दुकानात ट्रायल नाही, एक्स्चेंजही नाही; तशी पाटीच असते. दुसऱ्या जातीच्या, म्हणजे मॉलमधल्या दुकानात ट्रायल रूम असते. तीत गार एसी, प्रखर दिवा, चारी बाजूंनी आरसे आणि कपडे अडकवायला डोक्याच्याही वर एक खुंटी असते. बसायला काही नसतं. तिथे ‘तीन घ्या, दोनाचे पैसे द्या’ अशी ऑफरही असते. घेऊ नये. एकच घ्यावी, दिवसभर घालावी, दुपारी भात खाऊन बसल्यावर कुठे रुतते ते बघावं, मग पुढचा विचार.

पायरी चौथी : घालणं

आधी गरम पाण्याने अंघोळ. उबेने सांधे थोडे सैल होतात. मग खुर्चीवर बसावं. उभ्याने कसरत करू नये.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट एक नियम शिकवतात, तो पाठ करावा : कपडा घालताना जास्त दुखरा हात आधी, काढताना चांगला हात आधी. परकं वाटतं, पण दुखऱ्या खांद्याला मागे वळावं लागत नाही. पाठीवर हूक असलेलीच ब्रा घरात शिल्लक असेल तर ती उलटी धरून हूक पोटावर, डोळ्यांसमोर लावावेत, मग पट्टा हळूहळू फिरवून मागे न्यावा आणि शेवटी पट्ट्यांतून हात घालावेत. फिरवताना बोटांनी ओढू नये, तळहाताने सरकवावा. मुंबईच्या दमट हवेत ओल्या अंगावर पट्टा फिरत नाही, कातडीच फिरते. तेव्हा अंग नीट टिपून थोडी पावडर लावावी.

आता नवरा. तो इंजिनिअर असो, बँकेत असो, त्याला तीन हूक द्या, तो वरचा हूक मधल्या घरात घालणारच. मग खाली एक हूक शिल्लक, वर एक घर रिकामं आणि मध्ये ‘अगं, हे डिझाइनच चुकीचं आहे’ हा निष्कर्ष. (हे खरंच आहे, पण त्यावर सव्वासातला चर्चा नको.) सूचना एकच द्यावी : खालच्या हुकापासून सुरुवात करा. त्याचे हात गार असतील तर आधी चहाचा कप धरायला द्यावा.

स्पोर्ट्स ब्राविषयी नवशिक्यांचा एक गैरसमज असतो, की हूक नाही म्हणजे त्रास नाही. ही वस्तू १९७७ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये जन्मली. धावणाऱ्या बायकांसाठी, पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप एकमेकांना शिवून पहिली तयार झाली. धावणाऱ्या बायकांचे खांदे वर जातात. आपले हात कानापर्यंत पोचतात, तिथे कापड काखेत वळकटी होऊन बसतं, डोकं आत, कोपर बाहेर, आणि मदतीला हाक मारावी तर तोंडावर लायक्रा. घ्यायचीच असेल तर पुढे चेन असलेली घ्यावी, किंवा सैल असेल तर पायांतून घालून वर ओढावी. कंबरेपाशी अडली तर तिथेच थांबून पुनर्विचार करावा.

पायरी पाचवी : कापड, तार आणि लेबल

सुती होजियरी, रुंद पट्टा, कडेला कमीत कमी शिवण. फायब्रोमायल्जियात साधा स्पर्शसुद्धा दुखतो, तिथे पाठीवरच्या नायलॉनच्या लेबलचं काय सांगावं! ते कात्रीने कापू नये. उरलेला खुंट आणखी टोचतो. ब्लेडने एकेक टाका उसवून मुळासकट काढावं.

तार नको. बरगड्या जिथे छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात, तिथल्या कुर्च्या सुजल्या तर तार बरोबर त्यांच्यावर बसते. पण एक गोष्ट या पुस्तिकेच्या सुरात नाही, सरळ सांगते : छातीत दुखलं की ‘ब्राच घट्ट असेल’ म्हणून घरी बसू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. रूमॅटॉइड संधिवातात हृदयविकाराचा धोका वाढतो.

पायरी सहावी : धुणं

लेबलवर (काढण्यापूर्वी वाचावं) ‘हाताने धुवा’ असं लिहिलेलं असतं. कोणाच्या हाताने, ते लिहिलेलं नसतं. हूक लावून जाळीच्या पिशवीत घालून मशीनला सौम्य फेरीत टाकावी. पिळू नये, पिळण्यासाठी मनगट मुरडावं लागतं. टॉवेलमध्ये गुंडाळून वरून कोपराने दाबावं. वाळत घालताना चिमटे कडक स्प्रिंगचे नकोत, नाहीतर सकाळी वाचवलेली चिमटीची ताकद इथे खर्ची पडते. दोरीवर ब्रावर ओढणी पसरून ती लपवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. लपवलेली ब्रा दमट राहते आणि दमट पट्ट्याखाली पुरळ उठतं. स्टिरॉइड चालू असतील तर बुरशीही लवकर धरते. उन्हात उघडी घालावी. समोरच्या बिल्डिंगला दुसरी कामं आहेत.

पायरी सातवी : न घालणं

घालू नये.

म्हणजे ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी. ब्रा न घातल्याने कुठलाही आजार होत नाही. छाती जड असेल तर आधार नसल्याने पाठ दुखू शकते, तिथे जाड सुती शमीज किंवा आत इलॅस्टिक असलेली बनियन कामाला येते. घरात गाऊन असतोच. बेल वाजली की साहित्याच्या यादीतली ओढणी खुंटीवरून काढावी, गाऊनवर घ्यावी आणि दार उघडावं. कुरिअरवाला, दूधवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांना पुरते. आत्याबाई मात्र ओळखतात. ‘आमच्या वेळी नव्हती हो असली थेरं,’ म्हणाल्या तर त्यांच्याजवळ बसावं आणि गाठीची चोळी कशी बांधत असत ते विचारावं. त्या रंगात येऊन दाखवतात, आणि त्यातून आपल्या शिंपीकाकूंना एखादा नमुना शिवून मागता येतो. पुढे गाठ, मऊ मलमल, खांद्याला रुंद पट्टी. नेहमीचा ब्लाउज शिवणाऱ्या बाईला हे अवघड नाही.

शेवटी दुकानदार बंधूंना विनंती. ट्रायल रूममध्ये एक स्टूल ठेवा. खुंटी खाली घ्या. आणि पुढून हूक असलेला माल पप्पूच्या माळ्यावरून उतरवून, फीडिंगच्या खोक्यातून वेगळा काढून, हात पोचेल अशा फळीवर लावा. गिऱ्हाईक भरपूर आहे.